भोंगा वाजला तर निघायचं की घरातच थांबायचं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही लग्न होऊन नाशिकहून चिंचणीला आलात. तारापूरचं अणुवीज केंद्र घरापासून सरळ रेषेत सहा-सात किलोमीटरवर आहे. मिस्टर बोईसरच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये, चार वर्षांचा मुलगा बालवाडीत आणि सासूबाई पक्षाघातामुळे दीड वर्ष अंथरुणावर. केंद्रात काही झालं तर गाडी काढून कुठल्या रस्त्यानं निघायचं आणि आयोडीनच्या गोळ्या आत्ताच मागवून ठेवायच्या का, असं तुम्ही विचारलंय.

मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं आपत्ती व्यवस्थापनाच्या टेबलावर गेली आणि अणुवीज केंद्राभोवतीच्या गावांतल्या सरावांत मी वायरलेस घेऊन रस्त्यावर उभा राहिलेलो आहे. अणुभट्टी आतून कशी चालते हे सांगायला माझ्याहून जाणकार लोक आहेत. कुंपणाबाहेरची माणसं कशी हलतात, कुठे अडतात आणि कशानं घाबरतात, ते मात्र मी जवळून पाहिलंय.

रस्ता कुठला, हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की मला कोण सांगणार, ते सांगेपर्यंत मी काय करायचं, आणि ज्या माणसाला स्वतःहून कूस बदलता येत नाही त्याचं काय. गाव हलवायची योजना बहुतेक जण एसटीच्या बसगाड्या मोजून सुरू करतात. मी सुरुवातीला तेच करायचो. नंतर कळलं की योजना घरातल्या सगळ्यात हळू हलणाऱ्या माणसापासून सुरू करायची असते. तुमच्या घरात त्या सासूबाई.

आधी व्यवस्था कशी आहे ते सांगतो. केंद्राभोवती १६ किलोमीटरच्या परिघात आणीबाणीचं नियोजन केलेलं असतं. चिंचणी आणि बोईसर त्यात येतात, पालघर शहर थोडं बाहेर राहतं. आणीबाणीच्या पायऱ्या तीन. बिघाडाचा परिणाम केंद्राच्या एखाद्या भागापुरता असेल तर ती प्लांट इमर्जन्सी. तो कुंपणाच्या आत सगळीकडे पोचत असेल तर साइट इमर्जन्सी. या दोन्ही केंद्राचे अधिकारी जाहीर करतात. कुंपणाबाहेर धोका पोचण्याची शक्यता असेल तर ती ऑफ-साइट इमर्जन्सी. ती केंद्राच्या सल्ल्यावरून जिल्हाधिकारी जाहीर करतात आणि तिथून पुढे पोलीस, आरोग्य, एसटी, महसूल सगळे त्यांच्या हुकमानं चालतात. या तिसऱ्या पायरीचा सराव साधारण दोन वर्षांतून एकदा होतो. अपघातामुळे अणुवीज केंद्राभोवतीचं गाव रिकामं करायची वेळ भारतात आजवर आलेली नाही. गुजरातेत काकरापारच्या अणुवीज केंद्रात ११ मार्च २०१६ रोजी पहिल्या अणुभट्टीत गळती झाली, तेव्हाही गोष्ट पहिल्याच पायरीवर आटोपली. म्हणजे तुमच्या काळजीला आधार आहे, पण रात्रीची झोप उडावी असं काही नाही.

आता निघायचं की थांबायचं. याला एकच एक उत्तर नाही. बिघाड किती मोठा, काही बाहेर पडलंय की पडण्याची भीती आहे, वारा कुठला, पाऊस आहे का, वेळ दिवसाची की रात्रीची, तुमचं घर कसलं, या सगळ्यावर ते ठरतं. अगदी जवळच्या गावांना कधीकधी काही बाहेर पडायच्या आधीच हलवतात, नुसती भट्टीची अवस्था पाहून. तो निर्णय बरोबरच असतो, कारण तेव्हा हवा स्वच्छ असते. जरा लांबच्या गावांना मात्र बहुतेक वेळा पहिला हुकूम मिळतो तो घरात जा, दारं-खिडक्या लावा, पुढच्या सूचनेची वाट बघा, असा. तुमचं गाव या दोन्हींच्या सीमेवर आहे. म्हणून तुम्हाला दोन्हींची तयारी हवी, आणि त्यात घरात थांबायची आधी.

लोकांना हे पटत नाही. एका गावात बैठक घेत होतो तेव्हा एक तरुण उठून म्हणाला, "साहेब, तुम्ही आम्हाला कोंडून मारणार." त्याला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. संध्याकाळी २ किलोमीटरच्या आतल्यांनी निघायचा हुकूम आला, लगेच ३ चा, पहाटे १० चा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २० किलोमीटरचा. एकाच कुटुंबाला दोन-तीनदा बाडबिस्तरा उचलावा लागला. केंद्राजवळच्या फुताबा रुग्णालयातल्या आजारी म्हाताऱ्यांना बसमध्ये बसवून दहा तासांहून जास्त फिरवलं. सोबत डॉक्टर नाही, सलाइन नाही. त्या प्रवासात आणि त्यानंतरच्या दिवसांत चाळीसहून अधिक रुग्ण गेले. किरणोत्साराच्या माऱ्यानं तिथे लगेच दगावलेला माणूस नाही. स्थलांतराच्या हालांनी आणि त्यानंतरच्या ओढाताणीनं फुकुशिमा प्रांतात २,००० हून जास्त माणसं गेली, बहुतेक म्हातारी. हे वाचल्यापासून ज्या घरात अंथरुणावरचं माणूस आहे त्या घराला "लगेच निघा" म्हणताना माझी जीभ अडखळते.

तिथलीच दुसरी गोष्ट वाऱ्याची. नामिए गावचे लोक केंद्रापासून दूर, वायव्येला त्सुशिमा भागात जाऊन राहिले. वारा नेमका तिकडेच वळला. अंदाज देणारी यंत्रणा सरकारकडे होती, पण तो अंदाज त्या लोकांपर्यंत पोचला नाही. नकाशावर लांब गेलेली माणसं किरणोत्सारी कणांच्या ढगाच्या वाटेत जाऊन बसली होती.

आपल्या किनाऱ्यावर वारा कसा वागतो ते कोळीवाड्यातल्या बायका आपल्यापेक्षा चांगलं सांगतात. बांबूंवर बोंबील सुकत घातलेले असतात ना, त्यांचा वास दुपारी गावात येतो आणि पहाटे दर्याकडे जातो. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीवर, रात्री उलट. पावसाळ्यात मात्र दिवस-रात्र नैऋत्येचाच जोर. चिंचणी केंद्राच्या ईशान्येला आहे. म्हणजे जून ते सप्टेंबर हा तुमच्या गावासाठी जास्त जपायचा काळ, शिवाय पाऊस हवेतले कण खाली उतरवतो. पण हा सर्वसाधारण कल झाला. त्या दिवशीचा वारा त्या दिवशीच बघायचा, आणि तो बघून हुकूम देणारी माणसं नियंत्रण कक्षात बसलेली असतात. म्हणूनच बातमी येईपर्यंत स्वतःच्या अंदाजानं गाडी हाकू नका.

घरात थांबायचं म्हणजे काय करायचं? तुमचं घर विटांचं, स्लॅबचं असेल तर त्यातली सगळ्यात आतली, कमी खिडक्यांची खोली ठरवून ठेवा. सासूबाईंची खाट आजही त्याच खोलीत असेल तर फारच उत्तम. दारं-खिडक्या लावायच्या, एसी, कूलर, एक्झॉस्ट बंद. दाराखालच्या फटीत ओलं कापड. बाहेरून आलेल्या माणसानं वरचे कपडे आणि चपला दारातच उतरवून पिशवीत बांधायच्या, मग हातपाय, तोंड, केस धुवायचे. अंगावर बसलेली धूळ बहुतेक कपड्यांबरोबरच जाते. पाणी आधी भरून झाकलेलं तेवढंच प्यायचं. अंगणातली भाजी, उघड्या विहिरीचं पाणी, बाहेर चरलेल्या गाई-शेळ्यांचं दूध सूचना येईपर्यंत घ्यायचं नाही. दुधाचं मुद्दाम सांगतो. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर मुलांच्या थायरॉइडला जो त्रास झाला त्यातला मोठा वाटा दुधाचा होता. गाय गवत खाते, गवतावर किरणोत्सारी आयोडीन पडलेलं असतं, आणि ते दुधातून लेकराच्या पोटात जातं. तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे, म्हणून हे दुधाचं अगदी फ्रिजवर लिहून ठेवा.

कुडाच्या भिंती आणि पत्र्याचं छप्पर असलेल्या घरात मात्र हे कवच फार थोडं मिळतं. अशा पाड्यांवरच्या लोकांना शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या पक्क्या इमारतीत आणावं लागतं. तुमच्या शेजारी अशी घरं असतील तर त्यांना तुमच्याकडे घ्यायची तयारी ठेवा. आणखी एक अडचण आपल्या भागातलीच. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसत होते, लोक थंडीत घराबाहेर झोपले. धक्का बसला की बाहेर पळायचं, हे तिथल्या पोरांच्या अंगात भिनलंय. त्यांना "आत जा" सांगणं सोपं नाही. भिंतीला तडे असतील तर आत थांबायची जागा आजच दुसरी शोधा.

घरात थांबायचं ते काही तास, फार तर एक-दोन दिवस. त्याहून जास्त थांबवायची वेळ आली तर प्रशासन तुम्हाला हलवेल. ढग पुढे गेल्यावर खिडक्या उघडून घर हवेशीर करा, असाही निरोप येतो. तो आल्याशिवाय उघडू नका आणि आल्यावर बंद ठेवू नका.

आता गोळ्या. आयोडीनची गोळी फक्त थायरॉइडला वाचवते, आणि तेही फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून. सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थांवर तिचा काही उपयोग नाही, अंगाबाहेरून येणाऱ्या किरणांवर नाही. तिचं काम एवढंच की थायरॉइड आधीच साध्या आयोडीननं भरून टाकायचं, म्हणजे वाईट आयोडीनला जागा उरत नाही. त्यामुळे वेळ महत्त्वाची. ढग येण्याच्या थोडं आधी किंवा आल्यावर दोन तासांत घेतली तर पुरता फायदा. भीती वाटली म्हणून दोन दिवस आधी घेतली तर ऐन वेळी तिचा जोर ओसरलेला असतो. चाळिशीपुढच्यांना फायदा कमी आणि त्रासाची शक्यता जास्त. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना सगळ्यात आधी. चार वर्षांच्या मुलाची मात्रा मोठ्या माणसाच्या निम्मी असते. परिघातल्या गावांसाठी गोळ्यांचा साठा शासकीय यंत्रणेकडे असतो आणि घ्यायचा निरोपही तीच देते. म्हणून बाहेरून मागवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा तुमच्या गावचा साठा कुठल्या आरोग्य केंद्रात आहे आणि तो घरापर्यंत कोण आणणार, हे विचारा. सासूबाईंना थायरॉइडचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आत्ताच विचारून कागदावर लिहून घ्या. आणि एक विनवणी, जखमेवर लावायचं आयोडीन कुणीही पोटात घेऊ नये, मिठाचं पाणीही पिऊ नये. अफवा पसरली की लोक हे करतात.

इथवरचं थोडक्यात असं. बातमी आली की आधी आत, दूध आणि उघडं पाणी बंद, गोळी निरोप आल्यावर, आणि निघायचं ते सांगितल्यावर.

निघायचा हुकूम आलाच तर. बोईसरला जायचा तुमचा नेहमीचा रस्ता दक्षिणेकडे जातो, म्हणजे केंद्राच्या अंगाला. वाणगावचा रस्ता पूर्वेला, केंद्रापासून दूर नेतो. मनात हा दुसरा रस्ता पक्का ठेवा, पण पोलीस वळवतील तिकडेच वळा. वाऱ्याची दिशा त्यांना कळलेली असेल, तुम्हाला नाही. गाडी असेल तर खिडक्या बंद, आतली हवा आतच फिरू द्यायची. सांगितलं नसताना निघू नका, याचं आणखी एक कारण आहे. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला तेव्हा फक्त ५ मैलांतल्या गरोदर बायका आणि लहान मुलांनी जावं असं गव्हर्नर म्हणाले होते. प्रत्यक्षात सुमारे १ लाख ४० हजार माणसं निघून गेली. आपल्याकडे असं झालं तर वाणगावच्या आणि चिल्हारच्या रस्त्यावर, रेल्वेच्या फाटकांवर काय होईल, ते तुम्ही सणासुदीला पाहिलंच असेल. केंद्राला अगदी चिकटून असलेल्या गावातली बस आपल्या गाडीमागे अडकू नये, एवढं आपल्या हातात आहे.

निघताना कागदपत्रं, सासूबाईंची तीन दिवसांची औषधं, डायपर, मुलाचं खाणं, मोबाइलचा चार्जर. जनावरं असतील तर सोडून नका देऊ, आत बांधून चारा-पाणी ठेवा आणि निवारा केंद्रात तशी नोंद करा. निवारा केंद्रावर आधी अंगावरच्या कणांची तपासणी होते. यंत्र अंगावरून फिरवतात, दुखत नाही. मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर मास्क आणि पांढरा पोशाख घातलेली माणसं बघून लहान पोरं फार रडतात.

मुलगा बालवाडीत असताना काही झालं तर? इथे आईचं काळीज काय म्हणेल ते मला कळतं, तरीही सांगतो, शाळेकडे धावू नका. शाळेनं मुलांना आत घ्यायचं आणि हलवायची वेळ आली तर सगळ्यांना एकत्र, शिक्षकांसोबत न्यायचं, अशी रीत आहे. मात्र तुमच्या बालवाडीला ही रीत माहीत आहे का, हे तुम्ही स्वतः जाऊन विचारा. एका सरावात मी शाळेत पोचलो तेव्हा पक्क्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली शिपायाच्या घरी, दुसऱ्या गावात. मुलं व्हरांड्यात उभी होती. सराव होता म्हणून निभावलं. तुम्ही बाईंना तीन गोष्टी विचारा. किल्ली कुणाकडे, पटावरच्या मुलांच्या पालकांचे नंबर कागदावर आहेत का, आणि मुलांना कुठल्या निवारा केंद्रात नेणार.

मिस्टरांसाठी वेगळं सांगायला हवं. तुमच्या भागात भोंगा वाजलाच तर तो एखाद्या रासायनिक कारखान्याचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. एमआयडीसीत आगी लागतात, वायू गळतो, हे तुम्ही ऐकत असालच. रसायनाच्या बाबतीतही वाऱ्याच्या दिशेनं पळणं हीच सगळ्यात मोठी चूक. १९८४ ला भोपाळमध्ये कितीतरी माणसं धावली, धावल्यानं श्वास वाढला आणि वायू जास्त आत गेला. मिस्टरांनी वाऱ्याला आडवं जायचं, किंवा पक्क्या खोलीत शिरून दार लावायचं. शिफ्ट चालू असताना त्यांनी घरी पोचायचा प्रयत्न करू नये. तुम्ही दोघांनी भेटायची जागा आधीच ठरवा, १६ किलोमीटरच्या बाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे, आणि निरोप ठेवायला नाशिकच्या तुमच्या आईंचा नंबर. गावातले फोन जाम होतात, पण लांबच्या माणसाला एसएमएस बहुधा पोचतो.

बातमी कुठली खरी मानायची? जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ नंबर, पोलिसांचा ११२, लाउडस्पीकरची गाडी, पोलीस पाटील, आकाशवाणी. व्हॉट्सॲपवर फिरणारा आवाज कुणाचाही असू शकतो. लाउडस्पीकरबद्दल एक सांगतो. एका सरावात आम्ही चाळींच्या वस्तीतून गाडी फिरवली आणि शुद्ध मराठीत सूचना वाचली. "आश्रय घ्या," "प्रतिबंधक मात्रा घ्या." तिथे बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार राहत होते. लोक दारात येऊन उभे राहिले, म्हणजे आम्ही सांगितलं त्याच्या नेमकं उलट. पुढच्या वेळी सूचना हिंदीत आणि "अंदर जाओ, दरवाज़ा बंद करो" एवढीच ठेवली. तुमच्या शेजारी असे भाडेकरू असतील तर त्यांना चार वाक्यांत हे आधीच समजावून सांगा.

आता सासूबाईंकडे येतो. एका सरावात त्यांच्यासारख्याच एक आजी होत्या. आम्ही चौघं त्यांची खाट उचलून निघालो आणि खाट दारातून निघेना. तिरकी करावी तर आजी घसरणार. शेवटी त्यांना जाड चादरीत घेऊन चार कोपरे धरून बाहेर आणलं. मग बोळ इतका अरुंद की गाडी शंभर पावलं लांब. त्या पूर्ण वेळ आजी डोळे मिटून माझं बोट धरून होत्या. गावच्या नोंदवहीत त्या घरापुढे फक्त "वृद्ध – १" असं लिहिलेलं होतं. ती नोंद वाचून पाठवलेल्या गाडीत ना स्ट्रेचर होतं, ना पुरेशी माणसं.

म्हणून या आठवड्यात दोन कामं करा. मिस्टर घरी असताना शेजारच्या दोघातिघांना बोलवा आणि सासूबाईंना चादरीत घेऊन, त्यांना त्रास होणार नाही इतपत, दारापर्यंत नेऊन परत आणा. घाई नको, किती जण लागतात आणि काय आडवं येतं ते बघा. मग गावच्या आशा कार्यकर्तीकडे आणि ग्रामपंचायतीत जाऊन वहीतली नोंद तपासा. तिथे "वृद्ध – १" असेल तर खोडायला लावा आणि स्वतः सांगून असं लिहून घ्या: "पक्षाघात. बसता येत नाही, आडवंच न्यावं लागेल. गाडी दारापर्यंत येते किंवा येत नाही. उचलायला चार माणसं, चादर घरात आहे. दिवसा घरात फक्त सून." खाली तुमचा आणि शेजाऱ्यांचा फोन नंबर, आणि त्या दिवशीची तारीख.